तुलियोचा उरलेला चेंडू

अबेलार्दोसाहेबांना फक्त एक चेंडू टाकायचा होता. एकच. तोही काही खरा चेंडू नव्हे, बाहुलीचं डोकं. समोर झाडूचा दांडा घेऊन तुलियो उभा राहणार, त्याच्या मागे झेलायला किको बसणार, आणि साहेब चेंडू टाकणार. फार तर एका मिनिटाचं काम. त्यासाठी नगरपालिका, डॉक्टर, एक नगरसेवक, चार कर्णे आणि सरतेशेवटी एक प्रेत एवढी मंडळी गोळा होतील, हे त्यांना कुणी आधी सांगितलं असतं तर त्यांनी काय केलं असतं? काही नाही. हेच केलं असतं. स्वभावच तसा.

प्रकरण तसं जुनं. या गावात पोरं चालायच्या आधी बेसबॉल खेळायला लागतात. पण साहेबांच्या लहानपणी खरा चेंडू, खरी बॅट, चामड्याचा हातमोजा हे सगळं साखर कारखान्याच्या संघाकडे असायचं. सान रोके गल्लीतल्या पोरांकडे काय, तर झाडूचा दांडा, सिमेंटच्या पिशवीच्या कागदाला घड्या घालून शिवलेला हातमोजा, आणि चेंडू म्हणून कुणाच्या तरी बहिणीच्या बाहुलीचं रबरी डोकं. डोकं उपटायचं, आत चिंध्या कोंबायच्या आणि मान दोऱ्यानं शिवून टाकायची. हा चेंडू हवेत वाटेल तसा वळे आणि टोला बसला की 'भप्प' असा आवाज करी. गल्लीत त्या काळी एकाही मुलीकडे धड बाहुली सापडली नसती.

धावताना शिवायचा पहिला तळ म्हणजे विजेचा खांब, दुसरा गटाराचं झाकण, तिसरा कासिल्दाबाईंचं फाटक. फाटकाच्या आत गेलेला चेंडू कधी परत येत नसे. बाई तो उचलत, एप्रनच्या खिशात टाकत, आत जात आणि दाराला कडी लावत. ओरडणं नाही, शिव्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

एका रविवारी वरची गल्ली विरुद्ध खालची गल्ली असा सामना चालू होता. धावा सारख्या. शेवटचा गडी तुलियो, चेंडू टाकायला अबेलार्दो. तुलियोचे दोन चेंडू हुकले. तिसरा हुकला की बाद आणि खेळ खल्लास. तिसऱ्याला दांड्याची नुसती कड लागली. असा कडेला गेलेला चेंडू धरत नाहीत, तो पुन्हा टाकायचा असतो. पण तो घरंगळत गेला थेट फाटकाच्या आत. एप्रन, दार, कडी. त्यानंतर गल्लीतल्या सगळ्या बहिणींनी बाहुल्या कुलपात ठेवल्या. मग पाऊस लागला, मग शाळा बदलल्या, मग मिशा आल्या. तुलियोचा एक चेंडू उरला तो उरलाच.

पुढे तुलियो राजधानीत नोकरीला गेला, लग्न, मुलगी, सगळं तिकडेच झालं. बायको गेल्यावर तो परत आला आणि साहेबांच्या घरापासून चार घरं सोडून राहू लागला. त्यालाही वीस वर्षं झाली. वीस वर्षं रोज संध्याकाळी बदामाच्या झाडाखाली तुलियो, किको आणि साहेब डॉमिनो खेळत, आणि रोज एकदा तरी तो विषय निघे.

"पुढचा चेंडू मी कारखान्याच्या धुराड्यात घातला असता," तुलियो म्हणे.

"तुला तो दिसलाही नसता," साहेब म्हणत.

"किको, तू मागे बसला होतास. सांग."

"मला लघवीला लागली होती," किको सांगे. "मी काही बघत नव्हतो."

तर अशा त्या तुलियोची मूत्रपिंडं थकली. आता न्यूयॉर्कला असलेल्या त्याच्या मुलीनं कागदपत्रं केली, तिकीट काढलं आणि ती त्याला न्यायला आली. सोमवारी विमान होतं. परत कधी येणार, हे गल्लीत कुणी विचारलं नाही. स्वेटर घेतलास का, एवढंच सगळ्यांनी विचारलं.

आदल्या मंगळवारी डॉमिनोच्या सोंगट्या ढवळता ढवळता साहेब अचानक म्हणाले, "जायच्या आधी तो चेंडू टाकून घेऊ."

तुलियो खुर्चीतून उठलाच. "टाक. आत्ता टाक."

"आत्ता? कशानं?"

तुलियोनं चेपेच्या दुकानाकडे बोट केलं. चेपेचं दुकान तिथेच कोपऱ्यावर, बाहेर टोपलीत लिंबं. "लिंबू टाक."

"एवढ्या वर्षांनी लिंबू?" साहेबांना ते लागलंच. "तुलियो, हे काय सरबताचं काम आहे का? नीट करू. रविवारी. बाहुलीचं डोकं आणू, दांडा आणू, रस्ता बंद करू. सगळं नीट."

तुलियो हळूहळू खाली बसला. "बरं बाबा," तो म्हणाला. "नीट कर."

आता इथे साहेबांबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांनी आयुष्यभर नगरपालिकेत परवान्याच्या खिडकीत काम केलं. मिरवणुकीचा परवाना, मांडवाचा परवाना, भजी तळायचा परवाना. हाताखाली कुणी नव्हतं, तरी गल्ली त्यांना साहेब म्हणे, कारण ते डॉमिनोसुद्धा इस्त्रीचा सदरा घालून खेळत. कुठलीही गोष्ट नीट करायची, हा त्यांचा एकच नाद.

पहिलं काम बाहुली. साहेब बाजारात गेले आणि खेळण्यांच्या दुकानातल्या बाईंना म्हणाले, "मऊ डोक्याची दाखवा."

"नातीसाठी?"

"नात नाही मला. डोकं निघतं का हिचं?"

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. साहेबांनी एकेक बाहुली घेऊन डोकं दाबलं, हलकं पिरगाळलं, हातात तोलून पाहिलं. आजकालच्या बाहुल्यांची डोकी दगडासारखी. शेवटी एक सापडली. मऊ होती, पण तिला भरपूर पिवळे केस होते, आणि आडवी केली की डोळे मिटायची, उभी केली की टक्क उघडायची. साहेबांनी ती घेतली. पिशवी मिळाली नाही म्हणून काखेत धरून आणली.

गल्लीत शिरेपर्यंत बातमी त्यांच्या पुढे पोचली होती. अबेलार्दोसाहेबांना कुठेतरी लहान मुलगी आहे. आई कारखान्याच्या पलीकडे राहते. कुणी म्हणालं, इस्त्रीचे सदरे उगीच नव्हते. चेपेनं तर हात हातात घेऊन सांगितलं, "साहेब, या वयात म्हणजे... मानलं तुम्हाला. पण वहिनींना तुम्हीच सांगा. बाहेरून कळण्यापेक्षा बरं."

बाहेरूनच कळलं. त्यांची बायको मिरेया स्वयंपाकघरात केळी उकडत होती. तिनं सगळं ऐकलं, साहेबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि ती हसायला लागली. पळी बाजूला ठेवून, ओट्याला धरून हसली.

"तुला? मूल?" डोळे पुसत ती म्हणाली. "अरे, गेल्या महिन्यात मोजे घालताना तुझी कंबर धरली होती."

साहेबांना वाटलं, हिनं थोडा तरी संशय घ्यायला हवा होता. निदान जेवणापर्यंत.

मग ते न्हाणीघरात गेले आणि त्यांनी आपल्या वस्तऱ्यानं बाहुलीचं डोकं भादरलं. पिवळे खुंट राहिले ते राहिलेच. मान शिवायला घरात लाल दोराच होता. आत मिरेयाचा जुना पायमोजा कोंबला. चेंडू झकास झाला. फक्त तो हातात घेतला की डोळे उघडे आणि टाकायला हात मागे नेला की मिटलेले. सवय होईल, साहेबांनी स्वतःला सांगितलं. संध्याकाळी मिरेयाला न्हाणीघरात मुंडकं नसलेली बाहुली सापडली, तेव्हा मात्र ती हसली नाही.

"हे सगळं त्या एका चेंडूसाठी?"

"नीट व्हायला हवं ना."

"अबेलार्दो, तो माणूस वीस वर्षं चार घरांवर राहतोय. तुम्ही रोज त्याच रस्त्याच्या कडेला बसता. इतके दिवस कशाची वाट बघत होतास?"

साहेबांनी बाहुलीचं डोकं उचलून कोटाच्या खिशात बसतंय का ते पाहिलं. बसत होतं.

दुसरं काम रस्ता. सान रोके गल्लीत आता पोरं खेळत नाहीत, मोटारसायकली उभ्या असतात. तरी रस्ता बंद करणं ही तिथे काही मोठी गोष्ट नाही. वाढदिवस असो, डॉमिनोची स्पर्धा असो, कुणी मेलं असो, घरातल्या दोन खुर्च्या आणून रस्त्यात मधोमध ठेवल्या की रस्ता बंद. गाडीवाले खुर्च्या पाहतात आणि मुकाट्यानं मागच्या गल्लीनं जातात. कुणी कधी कुणाला विचारलेलं नाही.

"दोन खुर्च्या टाक, झालं," किको म्हणाला. "माझ्या घेऊन जा. एकीचा पाय मोडलाय, पण दिसतो खरा."

"मी?" साहेब म्हणाले. "मी तिथे बसून लोकांना मांडवाचे परवाने दिले. आणि मीच खुर्च्या टाकू?"

तर साहेब विचारायला गेले. विचारलं, हीच मोठी चूक झाली. ज्या गोष्टीला कधी परवानगी लागत नव्हती, तिला ती मागितल्याबरोबर लागायला लागली.

खिडकी तीच होती. आत एक तरुण मुलगी होती. साहेबांनी घसा खाकरला, थोडं थांबले, ओळख पटेल म्हणून चेहरा नीट उजेडात धरला.

"आजोबा, आधी नंबर घ्या," मुलगी म्हणाली.

नंबर घेऊन, बसून, उठून साहेब परत खिडकीशी आले.

"कार्यक्रम कसला?"

"एक चेंडू टाकायचा आहे."

"म्हणजे क्रीडा. किती वेळ?"

"एक मिनिट."

"मिनिटाचा परवाना नाही. अर्धा दिवस किंवा पूर्ण दिवस. खेळाडू?"

"तीन."

"तीन चालत नाहीत. संघ लागतात. वय?"

साहेबांनी वय सांगितलं. मुलीनं लिहिणं थांबवलं. "मग डॉक्टरांचा दाखला लागेल. आणि रुग्णवाहिका. आणि रहिवाशांची संमती."

"मुली, हे नियम कुणी केले?"

"आधीपासून आहेत. माझ्या आधीचे कुणी होते, त्यांनी करून ठेवलेत." ती जरा हळू आवाजात म्हणाली, "फार कटकटे होते म्हणतात."

यावर साहेबांना बोलायची वेळच आली नाही, कारण त्यांच्या मागे नगरसेवक फाउस्तीनो उभा होता. निवडणूक जवळ आली की हा माणूस कुठल्याही रांगेत कुणाच्या ना कुणाच्या मागे सापडे. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्याचे डोळे पाणावले. त्याचे डोळे केव्हाही पाणावत.

"काका," तो म्हणाला, "बाहुलीचं डोकं! माझे बाबा खेळायचे! आपली माती, आपलं बालपण! हा तुमचा एकट्याचा चेंडू नाही काका, हा गावाचा चेंडू आहे. तुम्ही आता काही करू नका. घरी जा, झोपा."

साहेब घरी गेले. झोप कुठली? गुरुवारपर्यंत आठ संघ झाले. चेपेनं आपल्या भाच्यांचा संघ घुसवला आणि थंड पेयांचा ठेका घेतला. शिंपीणबाई म्हणाल्या, संघांना सदरे हवेतच, आणि सदरे आले. छातीवर फाउस्तीनोचा हसरा चेहरा, पाठीवर 'आपलं बालपण'. मांडव आला. कर्णे आले. ज्यांच्या घरासमोर कर्णा नव्हता ते रुसले, म्हणून आणखी दोन आले. बाहुलीची डोकी मिळेनात, तेव्हा ठरलं की टेनिसचे चेंडू वापरावेत आणि त्यावर शाईनं डोळे काढावेत.

शुक्रवारी तिघा मित्रांची डॉक्टरांकडे तपासणी झाली. तुलियोला डॉक्टरांनी नुसतं पाहिलं आणि मान हलवली. किकोला उकिडवं बसायला सांगितलं. तो बसला, पण उठवायला दोघं लागले. साहेबांना म्हणाले, "चेंडू टाकतात तसा हात वर न्या बघू." साहेबांनी हात नेला. तो खांद्यापर्यंत गेला आणि तिथे "आई गं!" म्हणून थांबला.

परवाना मात्र मिळाला. सही, शिक्का, सगळं नीट. साहेबांनी तो खाली-वर वाचला. तिघांची नावं होती. 'मानाचे पाहुणे. मांडवात, पहिली रांग. खेळणार नाहीत.'

त्या संध्याकाळी तिघे डॉमिनो खेळत होते. कर्णेवाला आवाज तपासत होता. "एक, दोन, तीन... एक, दोन, तीन..."

"तीन कशाला म्हणतोय?" तुलियो म्हणाला. "माझे दोनच झालेत."

साहेबांनी मान खाली घातली. "मी बोलतो फाउस्तीनोशी. सुरुवातीला एक मिनिट मागून घेतो. रविवारी, दहाच्या आधी."

"घे."

"नक्की घेतो."

"अरे हो. घे म्हटलं ना." तुलियोनं सोंगटी टाकली. त्याच्या हाताला कापरं सुटलं होतं, हे साहेबांनी पहिल्यांदाच पाहिलं. की आधीही सुटत होतं आणि त्यांनी पाहिलं नव्हतं?

रविवारी सकाळी आठ वाजता आठही संघ रस्त्यावर होते. भज्यांचं तेल तापत होतं. फाउस्तीनो नवीन टोपी घालून ध्वनिक्षेपकाला फुंकर मारत होता. साहेब पांढरे बूट, पांढरी विजार आणि कोटाच्या खिशात बाहुलीचं डोकं अशा थाटात त्याच्याकडे एक मिनिट मागायला निघाले होते. तेवढ्यात कासिल्दाबाईंचं फाटक उघडलं. त्यांची भाची नूरिस बाहेर आली. तिच्या हातात खुर्ची होती. ती तिनं रस्त्याच्या बरोबर मधोमध ठेवली. आत गेली आणि दुसरी आणून पहिलीच्या शेजारी ठेवली. मग एप्रननं डोळे पुसले.

कर्णे आपोआप बंद झाले. भजीवाल्यानं गॅस विझवला. पोरांनी टोप्या काढल्या. कासिल्दाबाई गेल्या होत्या. नव्वदीच्या पुढे होत्या, पहाटे झोपेतच गेल्या. जातानाही एक खेळ बंद पाडून गेल्या.

फाउस्तीनोला पुन्हा गहिवरून आलं. त्यानं आपलं बालपण ताबडतोब चर्चच्या मागच्या गल्लीत हलवलं. मांडव मात्र मोठ्या मनानं मागे ठेवला आणि दुपारी पुष्पचक्र पाठवलं. त्यावर त्याचं नाव बाईंच्या नावाहून मोठं होतं.

बाईंचा मुलगा न्यूयॉर्कहून सोमवारी दुपारी पोचणार होता, म्हणून दफन तोवर थांबवलं. दिवसभर लोक येत होते, आत जाऊन शवपेटीपाशी प्रार्थना करत होते, बाहेर मांडवात बसून कॉफी नाहीतर आल्याचा चहा पीत होते. तिघे मित्रही येऊन बसले. किकोनं टेकायला म्हणून झाडूचा दांडा आणला होता. तो बाईंसाठी आणला होता की चेंडूसाठी, ते त्यानं सांगितलं नाही.

साहेबांनी रस्त्याकडे पाहिलं. एकही मोटारसायकल नव्हती. वरपासून खालपर्यंत रस्ता मोकळा, झाडलेला, ऊन पडलेला. कित्येक वर्षांत त्यांनी तो इतका रिकामा पाहिला नव्हता. ज्यासाठी त्यांनी आठवडाभर खटपट केली, ते दोन खुर्च्यांनी करून दाखवलं होतं.

"आणलायस?" तुलियोनं हळूच विचारलं.

साहेबांनी कोटाचा खिसा थोपटला.

"टाक मग. आत्ता टाक."

"तुलियो! आत पेटी आहे."

"पेटी आत आहे. आपण बाहेर आहोत."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील की तीन म्हातारे बिघडले. म्हणू दे ना. मी उद्या इथे नसेन, तुला काय म्हणायचं ते म्हणतील." तुलियो हसला, पण त्याचे डोळे दांड्यावर होते.

किकोनं दांडा त्याच्यापुढे केला. तुलियोनं तो दोन्ही हातांत धरला, मूठ जुळवली, बसल्या बसल्या खांद्यावर घेतला. साहेबांचा हात खिशात गेला. बोटांना ते पिवळे खुंट लागले. एवढ्यात समोरून शिंपीणबाई काळ्या पोशाखात आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, प्रार्थना सुरू होतेय. तुम्ही पुढे या, मोठी माणसं पुढे हवीत."

साहेबांचा हात रिकामाच बाहेर आला. "उद्या सकाळी," ते पुटपुटले. "तू निघायच्या आधी. सहाला. कुणी नसेल. शांतपणे, नीट..."

"जा," तुलियो म्हणाला. "मोठी माणसं पुढे हवीत."

साहेब आत गेले. पेटीपुढे मेणबत्त्या, दोन्ही बाजूंना बायका जपमाळा घेऊन. साहेब हात जोडून गुडघ्यावर बसायला खाली वाकले. आता कंबरेचं आपल्याला माहीतच आहे. ती मध्येच धरली, साहेब एका बाजूला कलले, आणि कोटाच्या खिशातून बाहुलीचं डोकं बाहेर पडलं. टप. ते घरंगळत निघालं. डोळे मिटत होते, उघडत होते, मिटत होते, उघडत होते. पेटीच्या पायथ्याशी जाऊन ते थांबलं, ते नेमके डोळे उघडे ठेवून.

एक बाई किंचाळली.

"करणी!"

"भादरलंय! केस भादरलेत!"

"लाल दोरा! मान बघा, लाल दोऱ्यानं शिवलीय!"

"अगं बाई, हा परवा बाजारात डोकी पिरगाळत होता, माझ्या नणंदेनं डोळ्यांनी पाहिलं!"

कुणीतरी स्वयंपाकघरातून मीठ आणून साहेबांच्या अंगावर फेकलं. नेमका तेव्हाच गडबड ऐकून किको दारात आला, हातात झाडूचा दांडा घेऊन. त्यानं तर बाकी राहिलेल्यांचीही खात्री पटली.

"बायांनो, हा चेंडू आहे!" साहेब गुडघ्यावरूनच ओरडले. केसांत मीठ होतं. "बेसबॉलचा चेंडू!"

"चेंडूला डोळे असतात?"

"मी परवाना काढलाय याचा!"

हे ऐकून दोन बायांनी क्रूसाची खूण केली.

तेव्हा नूरिस पुढे आली. तिनं वाकून ते डोकं उचललं. उलटंपालटं केलं, लाल दोरा पाहिला, साहेबांकडे पाहिलं. मग ती काही न बोलता ते एप्रनच्या खिशात टाकून आतल्या खोलीत गेली आणि तिनं दाराला कडी लावली.

साहेब उठले, मीठ झटकलं आणि बाहेर आले. तुलियोनं खिडकीतून सगळं पाहिलं होतं. तो ओठ दाबून बसला होता.

"नेला?" त्यानं विचारलं.

"नेला."

"एप्रनमध्ये?"

"एप्रनमध्ये."

"मेल्यावरसुद्धा," तुलियो म्हणाला, आणि त्याला आवरेना. किकोलाही आवरेना. साहेबांनी आधी रागानं पाहिलं, मग त्यांचाही बांध फुटला. तिघे हनुवट्या छातीत खुपसून, खांदे गदगदा हलवत, आवाज न करता हसले, इतके की डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. लोकांना वाटलं, म्हातारे बाईंसाठी रडतायत. शिंपीणबाईंनी तिघांना आल्याचा चहा आणून दिला आणि पाठीवरून हात फिरवला. चहा पिता पिता हसू ओसरलं. पाणी मात्र लगेच थांबलं नाही, आणि तिघांनीही एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

सोमवारी सहाच्या आधीच साहेब घराबाहेर पडले. या वेळी कोट नव्हता. चपला होत्या. हातात स्वयंपाकघरातलं एक लिंबू होतं. मिरेयानं ते उचलताना त्यांना पाहिलं होतं आणि चपला पुढे सरकवल्या होत्या. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला किको झाडूच्या दांड्यावर रेलून उभा होता.

पण मुलीनं राजधानीच्या रस्त्यावरच्या गर्दीचा धसका घेतला होता. गाडी लवकरच आली होती. सामान चढलं होतं. तुलियो मागच्या सीटवर स्वेटर घालून बसला होता, आणि गाडी कासिल्दाबाईंच्या घरासमोर, रस्त्यातल्या त्या दोन खुर्च्यांपुढे थांबली होती.

"अबेलार्दोकाका!" मुलगी पुढच्या खिडकीतून म्हणाली. "तेवढ्या खुर्च्या सरकवता का? चर्चमागच्या गल्लीत कालच्या स्पर्धेचं सामान अजून पडलंय, तिकडून जाता येत नाही. उशीर होतोय हो, प्लीज."

साहेब खुर्च्यांपाशी आले. मागच्या खिडकीची काच खाली गेली. तुलियोनं त्यांच्या हातातलं लिंबू पाहिलं.

"लिंबू?"

"लिंबू."

"मंगळवारी टाकलं असतंस तर," तुलियो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर साहेबांना बरं वाटलं असतं.

"उतर एक मिनिट. किको आहे तिकडे. दांडा आहे. एकच मिनिट, तुलियो."

तुलियोनं दाराच्या कडीला हात घातला. मुलगी मागे वळली. "पप्पा, नाही हं. सकाळचं औषध घेतलंय, चक्कर येईल तुम्हाला. काका, तुम्ही तरी सांगा ना त्यांना."

तुलियोनं कडीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. साहेबांनी लिंबू खिशात टाकलं आणि एक खुर्ची उचलून कडेला ठेवली. मग दुसरी. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

"अबेलार्दो," खिडकीतून तुलियो म्हणाला, "किती झाले माझे?"

"दोन."

"म्हणजे मी बाद नाही."

"नाही," साहेब म्हणाले. "बाद नाहीस."

"लक्षात ठेव हं," तुलियो म्हणाला आणि काच वर गेली. गाडी विजेचा खांब, गटाराचं झाकण, बदामाचं झाड ओलांडून किकोपाशी पोचली. किकोनं दांडा वर केला. गाडी वळली.

साहेबांनी एक खुर्ची उचलून रस्त्याच्या मधोमध ठेवली. दुसरी तिच्या शेजारी. दोन्ही सरळ केल्या, नीट. आता नऊ दिवस प्रार्थना चालणार, नऊ दिवस रस्ता बंद राहणार. वरपासून खालपर्यंत मोकळा.

त्यांनी खिशातलं लिंबू काढलं, खुर्चीवर ठेवलं, आणि शेजारच्या खुर्चीत बसले.